वादळातला नित्यपाठ

(गीताजयंतीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गीताजयंतीच्या दिवशी वक्त्याने गीतेचे माहात्म्य वर्णन करावे आणि श्रोत्यांनी ते भक्तिभावाने ऐकून घरी जावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मी आज थोडा मोडणार आहे, त्याबद्दल अध्यक्षमहाराज क्षमा करतील. माहात्म्य सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. मला एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. सार्वजनिक जीवन ढवळून निघालेले असते, सकाळचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत शिळे होते, खिशातला भ्रमणध्वनी घटकेघटकेला कुठे तरी नवी आग लागल्याची वार्ता देतो, कालचे मित्र आज एकमेकांच्या ओसरीवर पाऊल टाकीत नाहीत. अशा वेळी श्रद्धा माणसाला नेमके काय देते? काही देते, की नुसतीच भूल देते?

या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वत्र ऐकू येतात, आणि ती दोन्ही मला पटत नाहीत. बुद्धिवादी म्हणवणारे सांगतात की श्रद्धा म्हणजे दुखऱ्या दातावरची लवंग. ठणका थांबतो, कीड तशीच राहते. भाविक म्हणवणारे सांगतात की आपला पक्ष सत्याचा आहे, म्हणून देव आपल्या बाजूला आहे, म्हणून जय ठरलेलाच आहे. या दुसऱ्या मंडळींची श्रद्धा ही वस्तुतः विजयाची हुंडी असते. ती मुदतीत वटली नाही की सर्वांआधी तेच हताश होतात, आणि मग त्यांची निराशा नास्तिकाच्या निराशेहूनही कडवट असते.

गीतेपुरते बोलावयाचे तर ती कुणा ऋषीच्या शांत आश्रमात सांगितलेली नाही. दोन सैन्ये समोरासमोर उभी आहेत, शंख वाजून गेले आहेत, आणि ज्याच्यावर साऱ्यांची भिस्त त्या वीराचे हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, धनुष्य हातातून निसटत आहे. त्या ठिकाणी, त्या क्षणी ती सांगितली गेली. श्रीकृष्णाने रथ मागे वळवून, 'आधी मन शांत होऊ दे, मग पाहू' असे म्हटले नाही. रथ होता तिथेच राहिला. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकतो की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत, हाच प्रसंग एका तुरुंगात पुन्हा घडला. त्याची हकीकत मी आज विस्ताराने सांगणार आहे.

साल १९३२. त्याआधीच्या दोन वर्षांत देशाने मिठाच्या सत्याग्रहाचे तेज पाहिले होते. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, लोकांना वाटले की आता वाट सापडली. त्याच वर्षाच्या अखेरीस गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतले. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्याला आठवडा होतो न होतो तोच, ४ जानेवारी १९३२ रोजी त्यांना अटक झाली. वटहुकूम निघाले, काँग्रेस बेकायदा ठरली, कार्यालयांना कुलपे लागली, गावोगावचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९३० साली तुरुंगात जाताना छातीत जो उत्साह होता तो १९३२ साली तसाच राहणे शक्य नव्हते. पहिल्या खेपेस माणूस उडी घेतो. दुसऱ्या खेपेस त्याला विहिरीची खोली ठाऊक असते. घरी शेती पडलेली, नोकरी गेलेली, मुलांची शाळा सुटलेली. आणि हे सारे कशासाठी, याचे उत्तर बाहेरून कुणी देत नव्हते.

धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी असे राजबंदी जमले होते, आणि त्यांत विनोबा होते. वय छत्तीस. दिनांक २१ फेब्रुवारी, रविवार, या दिवशी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढच्या रविवारी दुसरा अध्याय, त्यापुढच्या रविवारी तिसरा. असे करीत १९ जून रोजी, तोही रविवारच, अठरावा अध्याय संपला. अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकला नाही. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी बसत. अंमळनेरच्या शाळेतली शिक्षकी सोडून ते चळवळीत उतरले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. त्यांच्या त्या लेखणीमुळेच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. भारतातल्या बहुतेक साऱ्या भाषांत तो गेला आहे.

त्याच विनोबांनी आदल्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात, वर्ध्यास 'गीताई' रचली होती. संस्कृत न जाणणाऱ्या त्यांच्या आईने मराठी गीतेची इच्छा बोलून दाखवली होती. आई १९१८ सालीच गेली, इच्छा पुढे बारा वर्षांनी पुरी झाली. हे सांगतो ते एवढ्यासाठी की धुळ्याचे प्रवचनकार कुणी वेदान्ताचे पंडित म्हणून बोलत नव्हते. आईच्या भाषेतून आलेली गीता ते सोबत्यांना वाढीत होते.

आता, त्या प्रवचनांत राजकारण किती आहे? शोधावे लागते इतके थोडे. व्हाइसरॉयवर टीका नाही, इंग्रजांच्या नाशाची भविष्यवाणी नाही, 'वर्षभरात स्वराज्य' असे आश्वासन तर नाहीच. काही वाचकांना हे खटकते. मला तोच त्या ग्रंथाचा प्राण वाटतो. राजबंद्यांना राजकारण सांगावे लागत नाही, ते त्यांच्या अंगावर उमटलेले असते. त्यांना हवे होते ते निराळेच: दिवस उजाडल्यावर उठावे कशासाठी, हे.

विनोबांनी चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने कर्म आणि विकर्म असा जो विचार मांडला आहे तो इथे ध्यानात घ्यावा. हात करतात ते कर्म. त्या कर्मात मन ओतले जाते ते विकर्म, म्हणजे विशेष कर्म. आणि दोहोंचा मिलाफ झाला की कर्माचे ओझे उतरते, ते अकर्म होते. शास्त्रीय दृष्ट्या 'विकर्म' शब्दाचा हा अर्थ सर्वच भाष्यकारांना मान्य नाही. तो वाद पंडितांनी खुशाल चालवावा. तुरुंगात बसलेल्या माणसाला या अर्थाने काय दिले असेल ते मात्र सहज कळते. त्याच्या हातून देश मुक्त होत नव्हता. त्याच्या हाती सूत होते, भाजी निवडणे होते, शेजारच्या आजारी सोबत्याच्या कपाळावर ठेवायची ओली घडी होती. एवढ्याच कामात मन पूर्ण ओतता येते आणि तेवढ्याने दिवस वाया जात नाही, हे ज्याला उमगले त्याला शांती आणखी कुठून आणावी लागत नाही. अस्वस्थ मन आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींच्या दारात ताटकळत असते. श्रद्धा त्याला तिथून उठवून आवाक्यातल्या कामाशी आणून बसवते.

दुसरी गोष्ट नेमाची. पुढचा अध्याय पुढच्या रविवारी होणारच होता. बाहेर काय वाटेल ते घडो, तुरुंगाधिकारी बदलो, घरून वाईट पत्र येवो, रविवार यावयाचा आणि अध्याय व्हावयाचा. आपल्या वारकऱ्यांना हे कुणी शिकवायला नको. किती राजवटी आल्या आणि गेल्या, दुष्काळ पडले, लढाया झाल्या; आषाढीची वाट लोकांनी सोडली नाही. राजकीय वादळ माणसाचे पहिल्याने काय हिरावून नेत असेल तर त्याचे दिवसाचे वेळापत्रक. तो जेवताना बातमी ऐकतो, झोपताना बातमी वाचतो, मध्यरात्री उठून पुन्हा पाहतो. (इथे काही श्रोते हसत आहेत, त्यांचा अनुभव माझ्याहून निराळा नसावा.) ज्या घरात तिन्हीसांजेला हरिपाठाची वेळ अजून टिकून आहे त्या घरात निदान अर्धी घटका तरी बाहेरच्या गलबल्याला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते. मुसलमान शेजाऱ्याची नमाजाची वेळ, ख्रिस्ती शेजाऱ्याची रविवारची प्रार्थना, यांचाही गुण हाच. विनोबांनी पुढे धम्मपद, कुराण आणि ख्रिस्ताची शिकवण यांचेही सार काढून प्रसिद्ध केले, ते काही उगाच नव्हे.

आणि आता आशेविषयी. १९ जून १९३२ रोजी प्रवचने संपली तेव्हा बाहेरची परिस्थिती सुधारली होती असे नाही. उलट ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, आणि १९३४ साली सत्याग्रहाची ती चळवळच थांबवण्यात आली. स्वराज्य यावयास अजून पंधरा वर्षे होती. आपल्याला ही पंधरा हा आकडा ठाऊक आहे. धुळ्यात बसलेल्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वराज्य पाहिले नसेल. तरी ज्या मजकुराने त्यांना तगवले त्यात एकदाही तारखेचे आश्वासन नाही. हुंडीला मुदत असते. आशेला मुदत घातली की ती हुंडी होते.

लोकमान्यांचे उदाहरण आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०८ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मधुमेहाने पोखरलेल्या शरीरानिशी ते सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले. त्यापूर्वीच, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेस काँग्रेस दुभंगली होती. मागे उरलेला पक्ष विखुरलेला. अशा स्थितीत १९१० च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहावयास घेतले आणि १९११ च्या मार्चअखेर संपवले. शाईची परवानगी नव्हती. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढीच सामग्री. १९१२ साली पत्नी गेल्याची वार्ता त्यांना त्याच कोठडीत मिळाली. ग्रंथ छापून निघाला तो १९१५ साली. ज्ञान आणि भक्ती यांची अखेर कर्मात व्हावी हा त्यांचा सिद्धान्त कुणाला मान्य असो वा नसो, तो सिद्धान्त ज्या टेबलावर लिहिला गेला ते टेबल कोठडीत होते, हे विसरून त्या ग्रंथाचे मोल करता येणार नाही.

मला अधिक बोलावयाचे आहे ते साने गुरुजींविषयी. धुळ्याहून ते नाशिकच्या तुरुंगात गेले आणि तिथे, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. बेचाळीस रात्रींचे ते पुस्तक. जो माणूस सरकारने राजद्रोही म्हणून कोंडला होता त्याने तुरुंगात बसून काय लिहावे? कोकणातल्या एका गरीब घरातली आई, तिची व्रते, तिचे श्लोक, तिचा देव. मला पूर्वी वाटे की राजकारणाचा ताप असह्य झाला म्हणून ते बालपणाकडे वळले असावेत. आता तसे वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी लढावयाचे ती गोष्ट कशी दिसते हे त्यांना कैदेत स्पष्ट दिसले, आणि तेच त्यांनी लिहून ठेवले.

पुढे १९४७ साल आले. पंजाब पेटलेला, फाळणी दारात, देशातले सारे मोठे पुढारी दिल्लीकडे डोळे लावून बसलेले. आणि गुरुजी पंढरपुरास उपोषणाला बसले. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी. आधी सहा महिने त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवली होती. १ मे रोजी उपोषण सुरू झाले, १० मे रोजी सुटले, देऊळ खुले झाले. 'ही वेळ आहे का?' असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. राष्ट्राचे भवितव्य ठरत असताना एका देवळाच्या दाराचा हट्ट कसला? परंतु श्रद्धेची हीच एक चाल आहे, ती मोठ्या वादळाला भिऊन जवळचे काम टाकीत नाही. दिल्लीत काय ठरावे हे गुरुजींच्या हाती नव्हते. विठ्ठलाच्या पायांपाशी कुणी जावे आणि कुणी अडवले जावे, याबद्दल मात्र त्यांना बोलता येत होते. ते बोलले, आणि त्यासाठी मरावयास तयार झाले. शतकानुशतके महाद्वाराशी थांबलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या वर्षी देशात घडलेल्या गोष्टींत ही गोष्ट काही लहान नव्हती.

इथवर मी चांगली बाजू सांगितली. दुसरी बाजू झाकून ठेवली तर हे व्याख्यान म्हणजे जाहिरात होईल.

पहिली गोष्ट विनोबांचीच. १९७५ साली आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते पवनारच्या आश्रमात वर्षभराचे मौन पाळीत होते. 'अनुशासनपर्व' हा त्यांचा शब्द सरकारने उचलला आणि आपल्या प्रचारासाठी सर्वत्र मिरवला. त्यांचा आशय निराळा होता, असे त्यांच्या अनुयायांनी पुढे सांगितले. ते खरेही असेल. परंतु १९५४ साली विनोबांच्या भूदानकार्यास जीवनदान करणारे जयप्रकाश त्या वेळी कैदेत होते, आणि ज्यांनी आयुष्यभर विनोबांकडे पाहून धीर धरला अशा कित्येकांना पवनारचे ते मौन फार जड गेले. शांतीचा हा धोका आहे. ती स्थिर मनाची शांती असू शकते, तशीच ती अन्यायासमोर गप्प बसण्याची सोयही होऊ शकते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखण्याची खूण मला एकच दिसते. ज्या शांतीने अर्जुन पुन्हा उभा राहिला ती गीतेतली शांती. जिच्यामुळे तो रथात निजून राहिला असता, ती दुसरी.

आणि दुसरी गोष्ट बोलणे मला अवघड जाते. अठरा रविवार ती प्रवचने ज्यांनी उतरून घेतली, आईच्या श्रद्धेचे महाराष्ट्रातले सर्वांत लाडके पुस्तक ज्यांनी लिहिले, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. त्यांच्या मनात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार कुणालाच नाही, मला तर मुळीच नाही. श्रद्धा असली की माणूस खचत नाही, असे जे आपण सहजपणे बोलून जातो ते मात्र या एका गोष्टीपुढे टिकत नाही. श्रद्धा ही कुणी अंगावर चढवलेली ढाल नव्हे. हळवे मन श्रद्धेसहित खचू शकते. म्हणून आपल्या घरात, आपल्या गल्लीत कुणी वाळत चालला असेल, रात्ररात्र जागत असेल, बोलेनासा झाला असेल, तर त्याला 'देवावर भरवसा ठेव' एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावे. गरज दिसली तर त्याला वैद्याकडे, डॉक्टरकडे न्यावे, आणि त्यात श्रद्धेला कमीपणा मानू नये. धुळ्याच्या त्या रविवारांचे सामर्थ्य निम्मे प्रवचनात होते आणि निम्मे एकत्र बसण्यात होते, असे माझे मत आहे. तीच गीता एकट्याने कोठडीत वाचणारा लोकमान्यांसारखा एखादाच. बाकी आपल्यासारख्यांना शेजारी माणूस लागतो.

काल एका तरुण मित्राने मला विचारले की या सगळ्याने परिस्थिती बदलते का. त्याला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. परिस्थिती बदलण्यासाठी सभा आहेत, मतदान आहे, अर्ज-विनंत्या आहेत, न्यायालये आहेत, आणि वेळ आली तर सत्याग्रह आहे. त्यातले काहीही गीता वाचल्याने टळत नाही आणि टाळूही नये. प्रश्न एवढाच की ते सारे करणारा माणूस पाच वर्षांनी, दहा वर्षांनी कोणत्या अवस्थेत असावा. द्वेषाने करपलेला, की उद्याही कामाला उठू शकणारा? तो मित्र म्हणाला, 'मी देव मानीत नाही.' मी म्हटले, 'रविवार मानतोस ना?'

त्याच्याशी झालेल्या बोलण्यातूनच एक गोष्ट ठरली, ती जाहीर करून माझे भाषण संपवतो. येत्या रविवारपासून सायंकाळी सहा वाजता याच सभागृहात 'गीता प्रवचने' मोठ्याने वाचली जातील, दर रविवारी एक अध्याय. पहिल्या दिवशी वाचण्याचे काम त्या तरुणानेच पत्करले आहे. वाचनानंतर अर्धा तास प्रश्न आणि वाद. वाद अवश्य घालावा, विनोबांशी, व्यासांशी आणि माझ्याशीही. सभागृहात शिरताना भ्रमणध्वनी बंद करून दारातल्या मेजावर ठेवावेत, एवढी एकच अट आहे. ज्यांच्या घरी कुणी फार दिवस बाहेर पडलेले नसेल त्यांनी त्याला हाताला धरून घेऊन यावे. सतरंज्या पुरेशा आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या मागवल्या आहेत.